मधला चांगला दिवस

३ जानेवारी १९९४, सोमवार

बाबांनी दिलेली ही डायरी एका बियाणं कंपनीची आहे. दर पानाच्या तळाशी शेतीचा सल्ला छापलाय. आजच्या पानावर गव्हाला पाणी कधी द्यायचं ते सांगितलंय. माझ्याकडे गहू नाही. एक मायक्रोस्कोप आहे.

बोरगव्हाणच्या आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन म्हणून रुजू होऊन आज महिना झाला. घर जुन्या जालन्यात, कापड दुकानांच्या मागच्या गल्लीत. तिथून इथं यायला एसटीनं अडीच तास लागतात, म्हणून गावातच द्वारकाबाईंकडे खोली घेतली. काम सोपं आहे. ताप आलेल्या माणसाच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, काचपट्टीवर पसरायचं, रंगवायचं आणि मलेरियाचे जंतू दिसतात का पाहायचं. महिन्यात चारशे अकरा पट्ट्या झाल्या. मलेरिया एक. बाकी चारशे दहा वेळा 'निगेटिव्ह' लिहून माझं अक्षर मात्र सुधारलं.

लॅब म्हणजे औषधांच्या खोलीतला खिडकीजवळचा ओटा. मायक्रोस्कोपला दिवा नाही, आरसा आहे. ऊन असेल तोवर दिसतं. कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण येत नाही. नळीला डोळा लावला की बाहेर कोण हाका मारतंय ते मला ऐकू येत नाही. उषाबाई सिस्टर म्हणतात, "नंदे, एक दिवस त्या नळीतून आत पडशील तू."

उषाबाई इथल्या नर्स. वय अडतीस. केंद्राच्या आवारातच राहतात. त्यांचे मिस्टर मच्छिंद्रराव जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात आहेत, आठवड्याला मोटारसायकलवर येतात. मी त्यांना ताई म्हणते. मला इथं आल्यावर पहिलं जेवण त्यांनीच वाढलं.

८ जानेवारी

अख्खं गाव खोकतंय. ताप, अंग ठणकणं, नाक गळणं. व्हरांड्यात बसायला जागा नाही. मी चार दिवसांत दीडशे पट्ट्या रंगवल्या, सगळ्या कोऱ्या.

आमच्या केंद्राच्या डॉ. उढाणांना विचारलं, हे आहे तरी काय? ते एका हातानं चिठ्ठी लिहीत होते. म्हणाले, "फ्लू. विषाणू आहे. याला औषध नाही, चार-पाच दिवसांत आपोआप उतरतो."

"मला पाहता येईल?"

"तुमच्या मायक्रोस्कोपमधून? बिलकुल नाही, बाई. तो इतका बारीक असतो की त्याला वेगळं यंत्र लागतं. पुण्यात असेल."

दिवसभर हेच डोक्यात आहे. ज्यानं अर्धं गाव आडवं केलं ते माझ्या समोर, माझ्याच पट्टीवर असेल आणि तरी दिसणार नाही.

१२ जानेवारी

मागच्या गल्लीतल्या चतुराबाई वारल्या. साठीच्या होत्या. द्वारकाबाई मातीला जाऊन आल्या, न्हाल्या आणि ओट्यावर बसून सांगत होत्या, "अगं, ताप गेल्ता तिचा. रईवारी चांगली भाकर खाल्ली तिनं. मला म्हणली, उद्या हरभऱ्याची भाजी खुडाया जाती. अन् सोमवारी पुन्हा थंडी वाजून आली. आज गेली बी."

ताप गेला होता, मग कशानं गेल्या?

१५ जानेवारी, शनिवार

काल संक्रांत. तिळगूळ वाटत वाटतच पट्ट्या रंगवल्या.

आज धुळाजी नावाच्या मेंढपाळाला त्याच्या बायकोनं, जयवंताबाईनं, बैलगाडीतून आणलं. पंचेचाळिशीचा दणकट माणूस, पण उजवी कूस दाबून वाकडा बसलेला. श्वास घेताना नाकपुड्या हलत होत्या. जयवंताबाईनं पदराखालून वाटी काढून दाखवली. त्यात बेडका होता. विटेच्या पुडीसारखा लालसर.

डॉक्टरांनी वाटी पाहिली आणि कागदावर लिहिलं, 'टीबी? थुंकी तपासणी.' कोऱ्या आवाजात मला म्हणाले, "दोन नमुने घ्या."

जयवंताबाई माझ्या मागं लॅबमध्ये आली. दार लोटून घेतलं.

"बाई, टीबी लिहू नका."

"मी काही लिहीत नाही अजून."

"आमच्या आशाचं जमलंय. माघात लगीन हाये. रक्त थुकतो म्हणून एकदा का बोभाटा झाला, तर सोयरे उंबऱ्याला पाय लावायचे न्हाईत."

मी म्हटलं, जे दिसेल तेच लिहीन. तिला ते आवडलं नाही. मलाही माझं बोलणं फार बरं वाटलं नाही, पण दुसरं काय सांगणार?

१७ जानेवारी, सोमवार

धुळाजीच्या दोन्ही पट्ट्या झाल्या. टीबीचे जंतू निळ्या पार्श्वभूमीवर लाल काडीसारखे दिसतात. शंभर ठिकाणी पाहिलं, नंतर आणखी शंभर. एकही लाल काडी नाही.

पण निळ्यात काहीतरी होतं. बारीक ठिपके, सगळे जोडीजोडीनं. करडईचे दोन दाणे बुडाकडून एकमेकांना लावावेत तसे. टोकं बाहेरच्या बाजूला. प्रत्येक जोडीभोवती स्वच्छ कड, जशी पाण्यावर तेलाच्या थेंबाला असते. एका नजरेत चाळीस-पन्नास जोड्या, आणि त्यांच्यात पूच्या पेशी.

फॉर्मवर दोनच रकाने आहेत. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह. निळ्या जोड्यांसाठी रकाना नाही. निगेटिव्ह लिहिलं. इथं त्यांचं चित्र काढून ठेवते.

डॉक्टरांना दाखवायला गेले. एकशे वीस रोग्यांची रांग होती. म्हणाले, "थुंकीत असलं काहीबाही असतंच. मोजत बसाल तर जन्म जाईल."

जयवंताबाईला सांगितलं, निगेटिव्ह आहे. ती मटकन खाली बसली. "निगेटिव म्हंजी वाईट का हो बाई?" दोन वेळा समजावलं, तेव्हा कुठं रडू थांबलं. पण धुळाजी तसाच धापा टाकतोय. तो आमच्या सहा खाटांच्या वॉर्डात आहे.

ताईंना सर्दी झाली आहे.

१८ जानेवारी

ताई तापानं झोपून. त्यांना पेज नेऊन दिली. पडल्या पडल्या म्हणाल्या, "माझी वही घे. कोणाचं किती दिवस झालं ते लिहून ठेवलंय. तू लिहीत जा आता."

ती वही म्हणजे खजिना आहे. साथ सुरू झाल्यापासूनची घरं, नावं, ताप कधी आला, कधी गेला. काही नावांपुढं एक आकडा आणि त्याला गोल केलेला. विचारलं तर म्हणाल्या, "श्वास मोजते मी. घड्याळ धरून मिनिटभर. मोठ्या माणसाचे तीसच्या वर गेले तर माझं काळीज धडधडतं."

"का पण?"

"ते डॉक्टर सांगतील. मला एवढंच कळतं की ते पुढं बिघडतात."

डॉक्टरांच्या कपाटात त्यांचं कॉलेजचं सूक्ष्मजीवशास्त्राचं जाडं पुस्तक आहे, वाळवीनं कडा खाल्लेलं. विचारून खोलीवर आणलं. माझ्या जोड्या त्यात आहेत! अगदी तसंच चित्र. न्यूमोनियाचे जंतू. पण ओळख पटायला एक वेगळी रंगवण्याची पद्धत लागते. जांभळा रंग, आयोडीन, मग स्पिरीट, मग लाल. जंतू जांभळाच राहिला तर एका जातीचा, रंग सोडून लाल झाला तर दुसऱ्या जातीचा. आमच्याकडे त्या रंगांचा संच नाही. मागणीपत्र दिलं तर जूनमध्ये येईल.

१९ जानेवारी

जांभळा रंग आहे की! लहान मुलांच्या तोंडात फोड आले की ताई जे जांभळं औषध लावतात, ते जेन्शन व्हायोलेटच. टिंक्चर आयोडीन जखमांच्या ट्रेमध्ये. स्पिरीट भरपूर. लाल रंग माझ्या टीबीच्या बाटलीतला, पातळ करून.

पहिली पट्टी: सगळं पुसलं गेलं. दुसरी: सगळं जांभळं, पूच्या पेशीसुद्धा. तिसरी: पुन्हा कोरी. मग लक्षात आलं, टिंक्चर म्हणजे स्पिरीटमध्येच विरघळवलेलं आयोडीन. तेच माझा जांभळा रंग धुऊन नेत होतं. उद्या पाणी घालून पाहीन. आज ऊन गेलं.

बोटं जांभळी झाली आहेत. द्वारकाबाई म्हणाल्या, "काय वांगी चिरली का गं?"

२० जानेवारी, गुरुवार

दिसलं. पेशी गुलाबी आणि त्यांच्यामध्ये जांभळ्या जोड्या, काजळानं टिपल्यासारख्या.

डॉक्टरांना हाताला धरून आणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ते वाकले आणि उठेचनात. बाहेर कोणीतरी "डाक्टरसाहेब, जल्दी करा" म्हणत होतं. किती वेळानं म्हणाले, "दुसऱ्या वर्षाला पाहिले होते. त्यानंतर आजच." मग वॉर्डात जाऊन धुळाजीच्या पाठीला कान लावावा तसं बराच वेळ नळीनं ऐकलं आणि पेनिसिलिन चालू केलं. परत येताना दारात थांबले. "सोमवारीच पाहायला पाहिजे होतं मी. चुकलं."

डॉक्टर मला असं म्हणतील असं वाटलं नव्हतं. मला आनंदच झाला, खोटं कशाला लिहू? धुळाजीचे तीन दिवस फुकट गेले हे नंतर आठवलं.

गंमत म्हणून माझीच थुंकी रंगवली. त्यातही जांभळ्या जोड्या निघाल्या! थोड्या, पण त्याच. मला ना ताप ना खोकला. म्हणजे त्या माझ्या घशातच राहतात आणि काही करत नाहीत. मग धुळाजीच्याच छातीत का उतरल्या?

२१ जानेवारी, शुक्रवार

ताई आज कामावर आल्या. ताप कालच गेला. चेहरा टवटवीत. दुपारी दोन भाकरी आणि ठेचा खाल्ला. म्हणाल्या, चार दिवस तोंडाला चव नव्हती, आज आली.

आम्ही दोघींनी वही समोर घेतली. मी डायरीच्या मागच्या कोऱ्या पानावर रेघा मारल्या. ताई ज्या घरांत जाऊन आल्या तिथल्या एकशे सत्तावीस माणसांना फ्लू झाला. एकशे सोळा सरळ बरे. अकरा जणांचा ताप गेला आणि परत आला. त्या अकरांमध्ये दोन मृत्यू, चतुराबाई आणि वरच्या वाडीचं नऊ महिन्यांचं बाळ. तारखा शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा ताईंनीच बोट ठेवलं.

"हे पाहा. या सगळ्यांचा मधी एक दिवस चांगला गेलाय. कोणाचे दोन. ताप न्हाई, जेवण झालं, उठून कामाला लागले. आणि मंग पडले."

खरंच. अकराही जणांना. धुळाजी त्या दिवशी मेंढरं घेऊन पाच मैल चालला होता.

"लोक त्या चांगल्या दिवसाला फसतात, ताई. दुखणं गेलं म्हणतात. आपण घरोघर सांगायला पाहिजे की ताप परत आला तर लगेच या."

"उद्याच निघते मी. चारही वस्त्या करून येते."

मी म्हटलं, "मीही येते." तर म्हणाल्या, "तू तुझ्या जोड्या पाहा."

आजच्यासारखा दिवस नोकरी लागल्यापासून गेला नव्हता.

२२ जानेवारी, शनिवार

धुळाजीचा ताप उतरला! उठून बसला, चहा मागितला. मी त्याला पट्टी दाखवली. एक डोळा मिटायला त्याला जमेना, जयवंताबाईनं हातानं झाकला.

"हे माझ्या छातीत व्हतं?"

"हो. पण हे माझ्या घशातही आहेत. सगळ्यांच्याच असतील. तुमच्या छातीत कसे शिरले ते कळत नाही."

तो म्हणाला, "बाई, रातच्याला मेंढरं कुपाटीत असतात. बाभळीच्या काट्याची कुपाटी. लांडगं बाहीरच फिरत ऱ्हातं, रोज फिरतं. त्याला आत येता येत न्हाई. एखाद दिवशी वावटळ येती अन् कुपाटी पाडून जाती. वावटळ काय मेंढरू खात न्हाई. ती गेल्तीच. पण मंग लांडग्याला वाट मोकळी."

मी लिहून घेतलं. फ्लू ही वावटळ. पुस्तकात दीड पान आहे यावर, ते मला चार वेळा वाचून कळलं नव्हतं.

ताई दुपारी परत आल्या. चारी वस्त्या झाल्या. पायरीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. चालून कूस भरली म्हणाल्या. मी त्यांना वावटळीचं सांगत होते, त्या नुसत्या हं हं करत होत्या. मग दमले म्हणून घरी गेल्या. मी राहिलेल्या आठ पट्ट्या पाहून घेतल्या. सगळ्या कोऱ्या.

२४ जानेवारी, सोमवार

ताई वॉर्डात आहेत. सकाळी पाणी भरायला आलेल्या बाईला त्या क्वार्टरच्या दारात पडलेल्या दिसल्या. एकशे चार ताप. ओठ निळसर. मी घड्याळ धरून श्वास मोजले, त्यांनीच दाखवलं होतं तसे. बेचाळीस.

आत्ता ही डायरी उघडली आणि मागची दोन पानं वाचली. शुक्रवार. ताप गेला, दोन भाकरी खाल्ल्या. शनिवार. कूस भरली. मीच लिहिलंय. माझ्याच हातानं. रेघा मारून अकरा माणसांचा चांगला दिवस शोधत होतो आणि बारावा माझ्यासमोर बसून ठेचा खात होता.

२५ जानेवारी

डॉक्टरांनी कालच पेनिसिलिन सुरू केलं. "तुमच्याच जोड्या असणार," मला म्हणाले. मीही मान हलवली. धुळाजी दोन दिवसांत उठून बसला, ताईही बसतील.

मच्छिंद्रराव आले. बायकोचा हात धरून बसलेत, कोणाशी बोलत नाहीत. एकदाच मला विचारलं, "किती दिवसांत उठला त्यो मेंढक्या? दोन का तीन?"

ताप एकशे चारच आहे. बेडक्याची वाटी अर्धी भरली. रंग विटकरी नाही, पिवळा आणि घट्ट, मध्ये रक्ताच्या रेषा. मी पट्टी केली नाही. दुसरी कामं होती असं सांगता येईल. खरं कारण म्हणजे त्यात काय आहे ते मला माहीतच होतं.

२६ जानेवारी, बुधवार

रोज लिहिण्याइतकं डोकं शांत नाही, पण हे आजच लिहायला हवं.

सकाळी ताईंचे श्वास अठ्ठेचाळीस. पेनिसिलिनचे दोन दिवस झाले, फरक शून्य. बाहेर झेंडावंदनाची तयारी चालली होती, शाळेची मुलं ओळीनं येत होती. मी वाटी उचलून लॅबमध्ये गेले. माहीत होतं तर मग पाहायला घाबरत का होते?

जांभळा झाला, आयोडीन झालं, स्पिरीट ओतायला घेतलं आणि बाहेर राष्ट्रगीत सुरू झालं. हातात बाटली, पट्टी तिरपी, मी तशीच ताठ उभी. गीत संपेपर्यंत स्पिरीट पट्टीवरून गळत राहिलं. सगळा रंग गेला. दुसरी केली. ऊन खिडकीत यायला आणखी पाव तास लागला.

जोड्या नव्हत्या.

गोल, जांभळे, आणि पुंजकेच्या पुंजके. उंबराच्या खोडाला फळं लगडतात तसे. एकही टोकदार नाही, एकही जोडी नाही. पाच वेगवेगळ्या जागी पाहिलं. मग खात्रीसाठी तिसरी पट्टी केली. तेच.

डॉक्टर झेंड्याजवळ सरपंचांशी बोलत होते. मी जाऊन सरळ म्हटलं, "दुसरेच आहेत." ते तिथूनच निघाले. पाहिलं. या वेळी पटकन वर आले.

"स्टॅफ. याला पेनिसिलिन बराबर लागत नाही, बहुतेक वेळा उपयोगच होत नाही. क्लॉक्सासिलिन पाहिजे, ऑक्सिजन पाहिजे. आपल्याकडे दोन्ही नाही." मग मला म्हणाले, "ही पट्टी कागदात गुंडाळा. चिठ्ठीसोबत न्या. माझ्या शब्दावर विश्वास ठेवतील न ठेवतील, ही त्यांनी डोळ्यांनी पाहावी."

केंद्राच्या जीपमध्ये मागं ताई आडव्या, मच्छिंद्ररावांच्या मांडीवर डोकं. मी पट्टी रुमालात धरून पुढं. खड्डा आला की ताई कण्हत. एकदा डोळे उघडून म्हणाल्या, "तिकडच्या वस्तीवर... ल्हानं लेकरू... पाहून या." कोणतं लेकरू ते सांगितलं नाही.

जालन्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि लगेच औषध बदललं.

पहिल्या दिवशी पाहिली असती तर दोन दिवस वाचले असते. डॉ. उढाण धुळाजीच्या वेळी 'चुकलं' म्हणाले तेव्हा मला आनंद झाला होता.

२८ जानेवारी

आई डबा करून देते, मी दवाखान्यात नेते. एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना ढग. उजव्या कुशीत पू साचला होता, नळी घालून काढला. ताई ओळखतात, पण बोलत नाहीत.

मच्छिंद्रराव आज बोलले. "ती लोकायला सांगत फिरली अन् सोताचं पाहिलं न्हाई."

मी म्हटलं, "मीही नाही पाहिलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावतील असं वाटलं. म्हणाले, "तुमच्या आईला सांगा, वरण पातळ करा. तिला गिळाया जड जातंय."

३१ जानेवारी

बोरगव्हाणला परत. ताईंची वही घेऊन चारी वस्त्या फिरले. ते लेकरू सापडलं. कोकरांच्या वाड्याशेजारच्या घरात, दीड वर्षाची मुलगी. तिच्या आईनं सांगितलं, सिस्टर येऊन गेल्या तेव्हा नुसती सर्दी होती; मग ताप आला, परवा उतरला, काल रात्रीपासून परत आलाय. "सिस्टरबाई म्हणल्या व्हत्या, परत आला तर जल्दी घिऊन या. निघायलेच बघा." पोरीच्या अंगात झबलं होतं, डोक्याला कुंची. खरंच निघाल्या होत्या.

डॉक्टरांनी औषध दिलं. एवढ्या लहान मुलीला थुंकता येत नाही, त्यामुळे तिच्या छातीत कोण होतं ते मला कधीच कळणार नाही.

९ फेब्रुवारी

जालन्याहून निरोप: ताईंचा ताप चार दिवस नाही. मी मच्छिंद्ररावांना उलट निरोप पाठवला, चार दिवसांवर जाऊ नका, श्वास मोजा. त्यांचं उत्तर आलं, "बावीस."

१४ फेब्रुवारी

धुळाजी आपल्या होणाऱ्या व्याह्याला, म्हस्कूला, घेऊन लॅबमध्ये आला. म्हस्कू दारातच उभा, टॉवेल तोंडावर. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की धुळाजीला टीबी होता.

"बाई, तुमीच सांगा यायला," धुळाजी म्हणाला.

मी रजिस्टर काढून दाखवलं. म्हस्कूला वाचता येत नाही. मग त्याला मायक्रोस्कोपजवळ बोलावलं, धुळाजीची टीबीसाठी रंगवलेली पट्टी लावली. "टीबी असता तर लाल काड्या दिसल्या असत्या. दिसते का एखादी?"

तो खूप वेळ पाहत राहिला. इतका मन लावून माझ्याआधी कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही. शेवटी टॉवेल खाली घेतला. "लाल तं काईच न्हाई. हे निळं काय हाये?"

"हे आता मेले."

"पक्कं?"

"पक्कं. धुळाजी लग्नात नाचले तरी चालेल."

धुळाजी म्हणाला, "नाचायचं सोड. आधी पाहुण्याला च्या पाज."

तीनच पट्ट्या राहिल्या होत्या, त्या दुपारी पाहिल्या. एक मलेरिया निघाला. वर्षातला पहिला.

५ मार्च, शनिवार

ताई आज आल्या. कामावर नाही, नुसत्याच. ब्लाउज खांद्यावरून ओघळतोय. फाटकापासून लॅबपर्यंत यायला दोनदा थांबल्या. स्टुलावर बसल्या आणि पदरानं मान पुसली.

"माझ्यातले दाखव."

दवाखान्यात नेली नव्हती ती तिसरी पट्टी मी जपून ठेवली होती. आरसा फिरवून ऊन धरून दिलं. त्यांनी डोळा लावला. मी बाजूला उभी. कधी नव्हे ती मला भीती वाटत होती, काय म्हणतील याची.

"एवढेसे?" त्या म्हणाल्या. मग पट्टी जरा सरकवून, "दिसायला ग्वाड हाये गं. माझ्या पोळक्यावर असली खडी व्हती."

"ताई, पहिल्याच दिवशी पाहायला पाहिजे होतं मी. दोन दिवस नुसतं गृहीत धरलं. तुम्हाला ते..."

"मच्छिंद्ररावांनी सांगितलं मला." त्यांनी डोळा काढला नाही. "मी बी गृहीत धरलं. कूस भरली म्हणाले न्हाई का? अठरा वरसं नर्स हाये मी. कूस भरली म्हणाले." मग म्हणाल्या, "पण हे माझ्यात आले कुठून? धुळाजीकडं तं दुसरे व्हते."

हा प्रश्न मला महिनाभर पडलाय. पुस्तकात लिहिलंय की हे जंतू पुष्कळ धडधाकट माणसांच्या नाकात राहतात. मागच्या आठवड्यात मी कापसाच्या काडीनं स्वतःच्या नाकातलं घेऊन रंगवलं होतं. पुंजके. जांभळे, गोल. तेच असतील किंवा त्यांचे निरुपद्रवी भाऊबंद, माझ्या रंगांनी तो फरक कळत नाही. पण अठरा जानेवारीला ताईंना पेज भरवायला मीच गेले होते. तोंडाशी तोंड नेऊन विचारत होते, चव लागते का.

हे सगळं त्यांना सांगितलं. नाही सांगितलं तर झोप लागली नसती.

ताईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "मंग आता नाक कापून टाकती का?" म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला. मी पाणी दिलं. ठसका थांबला तेव्हा म्हणाल्या, "माझ्याच नाकातले असतील. हिशेब कशाला लावायचा कोणाचे कोणाचे? काडी दे इकडं."

त्यांनी स्वतःच नाकात काडी फिरवली आणि माझ्यासमोर धरली.

ऊन उतरलं होतं. पट्टी करून वाळत ठेवली आहे. सोमवारी पाहते.